हीट पंप मोबाईलवर आणला: क्राइस्टचर्चमधल्या एका हिवाळ्याच्या नोंदी

मे २०२५ मध्ये सुरू केलं, एका वीकेंडचं काम वाटलं होतं, ऑक्टोबर उजाडला. कोणी हेच करायला घेत असेल तर निदान माझ्या चुका तरी परत करू नका म्हणून टाकतोय.

इथे न्यूझीलंडमध्ये हीट पंप म्हणजे आपला भिंतीवरचा स्प्लिट एसीच, फक्त तो गार आणि गरम दोन्ही करतो आणि आम्ही वर्षातले सहा-सात महिने तो गरम करायलाच वापरतो. घरात दोन आहेत. हॉलमधला ६ किलोवॅटचा, तीन वर्ष जुना, आत वाय-फाय नाही पण अडॅप्टर वेगळा मिळतो. दुसरा मागच्या बेडरूममधला छोटा, आधीच्या मालकाचा. २०१०-११ च्या भूकंपांत इथल्या पुष्कळ घरांची शेकोटीची धुराडी पडली आणि शेकोटीच्या जागी हीट पंप आले, हा त्यातलाच असावा. याला ॲप वगैरे काही नाही. आणि खोली दक्षिणेकडची, म्हणजे इथली सगळ्यात गार खोली, कारण इथे ऊन उत्तरेकडून येतं (घर घेताना मी सांगलीच्या हिशोबाने दक्षिणेकडची खोली ऊबदार समजलो होतो, बायको अजून ऐकवते).

कंपन्यांची नावं मुद्दाम टाळलीत. बरेचसे घोळ मशीनचे नव्हतेच, माझ्या घरातले होते.

१० मे, शनिवार

ध्येय साधं. आमच्या विजेच्या प्लानमध्ये रात्री ९ ते सकाळी ७ युनिट १९ सेंटला, दिवसा ३३ सेंटला. तर सकाळी साडेपाचला हॉल आपोआप तापायला लागला पाहिजे आणि सातनंतर मशीन निवांत चाललं पाहिजे. रिमोटवर टायमर आहे हो, पण तो रोज रात्री लावावा लागतो आणि मी रोज रात्री विसरतो.

वाय-फाय अडॅप्टर मागवला, १९० डॉलर. काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी आणि एक वायर, बस. एवढ्याला एवढे पैसे का हे विचारू नका.

१७ मे

अडॅप्टरची वायर मशीनच्या आतल्या बोर्डात जाते. यूट्यूबवर लोक स्वतः करताना दिसतात, मीही स्क्रू ड्रायव्हर काढला होता, पण त्याच कव्हरच्या आत २३० व्होल्ट आहेत आणि वॉरंटी अजून दोन वर्ष बाकी आहे. टेक्निशियन बोलावला. २५ मिनिटं, १४५ डॉलर. पैसे गेल्याचं दुःख नाही.

चूक पुढची. तो म्हणाला ॲप जोडून देऊ का, मी म्हणालो नको, मी आयटीत आहे, ते मी बघतो.

संध्याकाळी ५ ते रात्री ९ चार तास गेले. ॲप डबी शोधतं, डबी सापडते, पासवर्ड देतो, चक्र फिरतं फिरतं आणि "जोडता आले नाही". डबीवरचा दिवा नारिंगी लुकलुकतोय. राउटर बंद-चालू, मशीनचा मेन स्विच बंद-चालू, ॲप काढून परत टाकलं, बायकोच्या फोनवरून केलं. शेवटी जेवलो आणि झोपलो.

१८ मे

सकाळी चहा पिताना डोक्यात प्रकाश पडला. एक नाही, तीन अडचणी एकमेकांत गुंतल्या होत्या, त्यामुळे एक सुटली तरी फरक दिसत नव्हता.

पहिली, डबी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलते, आणि आमचा राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने दाखवतो. दुसरी, राउटरवर वाय-फायची सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीला होती, ती डबीला कळत नाही. तिसरी ऐकून हसाल. आमच्या वाय-फायचं नाव देवनागरीत आहे, "आपलं घर". फोन, टीव्ही, प्रिंटर सगळ्यांना चालतं. या डबीला नाही चाललं.

उपाय: राउटरवर वेगळं नेटवर्क काढलं, फक्त २.४, जुनी डब्ल्यूपीए२ सिक्युरिटी, नाव साधं इंग्रजी अक्षरांत, स्पेस नाही, अपॉस्ट्रॉफी नाही. दोन मिनिटांत जोडलं. मेन वाय-फायचं नाव मात्र बदललं नाही, तेवढा स्वाभिमान ठेवला.

एक सूचना, हे वेगळं नेटवर्क "गेस्ट" म्हणून काढलंत तर बहुतेक राउटर गेस्टमधल्या वस्तूंना घरातल्या बाकी वस्तूंपासून तोडतात. क्लाउडवाल्या ॲपला काही फरक पडत नाही, पण पुढे घरातल्या घरात काही जोडायचं असेल तर आडवं येतं. मला महिन्याने आलं, आणि सगळं परत करावं लागलं.

२४ मे

आठवड्यात तीनदा "ऑफलाइन". फायबरचा बॉक्स गॅरेजमध्ये आणि राउटर त्याच्याच शेजारी, म्हणजे माझ्या हत्यारांच्या लोखंडी कपाटात, दार लावून. नीटनेटकं दिसतं म्हणून मीच ठेवला होता. कपाटातून काढून भिंतीवर उंच टांगला. मेश (घरभर वाय-फाय पोचवणारे जोड-राउटर) घ्यायला निघालो होतो, ३०० डॉलर वाचले. शिवाय राउटरमध्ये डबीला नेटवर्कवरचा कायमचा पत्ता (आयपी) देऊन टाकला. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत ती स्वतःहून एकदाच गेली, ती पण फायबरच बंद पडला तेव्हा. त्या संध्याकाळी मशीन रिमोटवर आरामात चालू होतं. म्हणून रिमोट फेकू नका, सेल बदलत राहा.

२ जून, किंग्ज बर्थडेची सुट्टी

आई सांगलीहून येऊन दहा दिवस झाले. तिकडे उन्हाळा संपत आला, इकडे हिवाळा लागला, बिचारी दोन स्वेटर आणि कानटोपी घालून सोफ्यावर. ॲप म्हणतं खोली २१. आई म्हणते, "आरं तुझा तो मोबाईल खोटं बोलतोय, माझं पाय बघ."

पाय खरंच गार होते. १२ डॉलरचं साधं थर्मामीटर सोफ्याजवळच्या टीपॉयवर ठेवलं, १७.५. ॲप २१ च म्हणतंय. म्हणजे आईचंच बरोबर. मशीनचा सेन्सर मशीनमध्येच असतो, छताखाली फूटभर, आणि गरम हवा वरच साचते. मशीनला वाटतं झालं काम, आणि ते दमाने घेतं.

काय काय केलं: हवेच्या पट्ट्या ऑटोवरून काढून पूर्ण खाली केल्या, फॅन "शांत" वरून मधल्यावर आणला (मी आवाज नको म्हणून शांत ठेवायचो, हीच मोठी चूक, हवा खाली पोचतच नव्हती), आणि सेटिंग २१ चं २२ केलं. तासाभरात टीपॉयवर २०. ॲपमधल्या आकड्यावर तेव्हापासून विश्वास नाही. काही मशीनच्या रिमोटमध्ये सेन्सर असतो आणि तो वापरता येतो, आमच्यात नाही.

८ जून

सकाळी पावणेसात, बाहेर पांढरं दव गोठलेलं, उणे २. ॲपने साडेपाचला मशीन चालू केलं होतं, आणि मी उठलो तर मशीनमधून हवाच नाही. ॲपमध्ये मात्र "हीट, चालू". म्हटलं झालं, परत ॲप आणि मशीनचं भांडण. मी ॲपवरून बंद केलं, चालू केलं, परत बंद, परत चालू. तेवढ्यात आई मागच्या दारातून आत धावत, "आरं मागं त्या मशीनला धूर निघालाय! बंद कर आधी!"

धूर नव्हता, वाफ होती. बाहेरच्या युनिटच्या जाळीवर बर्फ धरतो, तो वितळवायला मशीन थोडा वेळ स्वतःच उलटं चालतं, घरातली उष्णता बाहेरच्या जाळीकडे नेतं, आणि तेवढा वेळ आतला पंखा बंद ठेवतं, नाहीतर आत गार हवा येईल. काही मिनिटांचा खेळ. मी दर मिनिटाला बंद-चालू करून तो पूर्णच होऊ देत नव्हतो, त्यामुळे २० मिनिटं गेली. आमच्या ॲपमध्ये "डीफ्रॉस्ट चालू आहे" असं कुठे दिसत नाही.

शिकलो: कडाक्याच्या सकाळी हवा थांबली तर फोनला हात लावायचा नाही. चहा ठेवायचा.

२० जून, मातारिकीची (माओरी नववर्षाची) सुट्टी

आता बेडरूमचं जुनं मशीन. याला अडॅप्टर निघतच नाही, म्हणून मार्ग एकच, रिमोटची नक्कल. रेडीमेड आयआर ब्लास्टर (रिमोटसारखेच न दिसणारे इन्फ्रारेड किरण सोडणारी डबी) ४० डॉलरला मिळतो. मी ईएसपी३२ चा बोर्ड (वाय-फायवाला छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड, १५ डॉलर), आयआर एलईडी आणि आयआर रिसीव्हर (दोन्ही मिळून ४) घेऊन स्वतः करायला बसलो, त्यावर ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर, आणि रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट (घरातली सगळी स्मार्ट उपकरणं एका जागी चालवणारं सॉफ्टवेअर) आधीपासून होतंच. २१ डॉलर वाचले आणि तीन वीकेंड गेले, हिशोब तुम्हीच करा.

पहिला दिवस वाया. मी टीव्हीच्या रिमोटसारखं समजलो, म्हणजे पॉवरचं बटन रेकॉर्ड करायचं, वाढवायचं बटन रेकॉर्ड करायचं. एसीचा रिमोट तसं काम करत नाही. तुम्ही कुठलंही बटन दाबा, तो दर वेळी अख्खी कुंडली पाठवतो: मोड, तापमान, फॅन, पट्ट्या, सगळं एका दमात. मी रेकॉर्ड केलेलं "वाढव" म्हणजे खरं तर "हीट, २०, फॅन मधला" एवढं एकच वाक्य होतं, ते दहा वेळा पाठवलं तरी २० च.

ईएसपीहोममध्ये बऱ्याच कंपन्यांच्या भाषा तयार आहेत, ती निवडायची. मशीनवरच्या नावाची पहिली चालली नाही, दुसरी नुसती बीप करायची आणि काहीच करायची नाही, तिसरी चालली, आणि ती चक्क दुसऱ्याच कंपनीच्या नावाची होती.

२२ जून

चालली, पण एक हात लांबून. पलंगाजवळून नाही. एलईडी मी बोर्डच्या पिनेला थेट जोडला होता, तिथून करंट मिळतो तुटपुंजा. मध्ये एक ट्रान्झिस्टर (२एन२२२२, काही सेंटांचा) आणि रेझिस्टर घातला, आता खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पण लागतं. एलईडी पेटतोय का हे डोळ्याला दिसत नाही, फोनच्या कॅमेऱ्यातून बघा, जांभळट चमकतो. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा, मागच्याला कधी कधी फिल्टर असतो. मी अर्धा तास चांगला एलईडी मेला समजून बसलो होतो.

५ जुलै

आयआरची खरी अडचण ही की ते एकतर्फी आहे. बोर्ड ओरडतो, मशीन ऐकलं की नाही ते सांगत नाही. आणि कोणी हातातल्या रिमोटने बदललं तर बोर्डाला पत्ता नाही. आई त्याच खोलीत झोपते, आणि ती रात्री रिमोट घेऊन थेट २८ करते. ॲपमध्ये १९, खोलीत भट्टी.

माझा हुशार उपाय: दर दहा मिनिटांनी बोर्डने "१९, हीट" परत पाठवायचं.

विसरलो काय, तर दर आदेशाला मशीन बीप करतं. रात्रभर, दर दहा मिनिटांनी. सकाळी आई डोळे लाल करून, "ते यंत्र रातभर कुणाला हाका मारतंय रं?" माफी मागितली.

नीट उपाय: तोच रिसीव्हर कायमचा बोर्डावर ठेवला. आता आईने रिमोट दाबला की बोर्ड पण ते ऐकतो आणि ॲपमधला आकडा बदलतो. दहातले नऊ वेळा. रिमोट पांघरुणाखालून दाबला तर नाही. आणि २८ बद्दल आईशी बोललो, आकडा मोठा केला म्हणून लवकर तापत नाही, उलट घाम फुटतो आणि मग तू उठून बंद करतेस. २२ वर तह झाला. रिमोटवर चिठ्ठी चिकटवली: "आई, फक्त + आणि −. बाकी बटनं नकोत."

१२ जुलै

पहाटे साडेचारला हॉलचं मशीन धडधडत चालू. शेड्यूलमध्ये काही नाही. तीन दिवस हाच प्रकार, मी अकाउंट हॅक झालं समजून पासवर्ड बदलला, राउटरचे लॉग चाळले.

हॅकर सांगलीत होता. आईने मला बाबांच्या फोनवर ॲप टाकून द्यायला लावलं होतं, "त्यांना बी बघू दे हितं किती गारठा हाय". बाबा ऊस आणि गुरं सोडून यायला तयार नाहीत, पण रात्री दहाला झोपायच्या आधी ॲप उघडून बघायचे, हॉलचं तापमान १३ दिसलं की काळजीने चालू करायचे. तिकडचे रात्रीचे दहा म्हणजे इकडचे पहाटेचे साडेचार. फोन केला तर म्हणाले, "म्हटलं तुम्ही झोपलाय, कुणी लावणार."

ॲपमध्ये गेस्टला फक्त बघायचा हक्क देता येतो, तो दिला. नंतर दोन दिवस बाबा गप्प गप्प होते. मग परत पूर्ण हक्क दिला, आणि साडेचारचं ते ठरवून टाकलं की एक दिवसाआड चालेल. वीज १९ सेंटनेच आहे त्या वेळी.

२६ जुलै

टीपॉयवरच्या थर्मामीटरच्या जागी वायरलेस सेन्सर (२५ डॉलर) आणला, हॉलच्या मशीनचं अकाउंटही होम असिस्टंटमध्ये जोडलं, आणि ऑटोमेशन लिहिलं: टीपॉयवर २० झालं की मशीन बंद, १९.५ ला चालू. कागदावर झकास.

एका संध्याकाळी ११ वेळा बंद-चालू झालं. इन्व्हर्टर मशीनची सगळी गंमत हळूहळू चालत राहण्यात आहे, ते लागेल तेवढंच करंट खातं. बंद करून चालू केलं की दर वेळी परत जोर लावतं. स्मार्ट मीटरचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे आकडे काढून बघितले, त्या संध्याकाळी साध्या दिवसापेक्षा जास्तच युनिट गेले होते, थंडी तेवढीच असताना.

आता ऑटोमेशन मशीन बंद करतच नाही. टीपॉय गार असेल तर सेटिंग एक अंश वर, गरम असेल तर एक खाली, आणि अर्ध्या तासात एकापेक्षा जास्त बदल नाही. कंटाळवाणं आहे पण चालतं.

१६ ऑगस्ट

आज नॉरवेस्टर सुटला. इथला हा गरम कोरडा वारा, डोंगर उतरून येतो, भर हिवाळ्यात दुपार उबदार करतो. ऑफिसमधून सहज ॲप बघितलं तर मशीन घर गार करतंय. ऑगस्टमध्ये! बायकोने कधीतरी मोड "ऑटो" ला टाकला होता, नावावरून तिला ते शहाणं वाटलं, आणि मलाही वाटलं असतं. दुपारी ऊन आणि वारा मिळून हॉल तापला, मशीनने कूलिंग सुरू केलं, संध्याकाळी वारा पडल्यावर परत हीटिंग. दोन्हीकडून पैसे. आता नियम लिहिलाय: मे ते सप्टेंबर मोड हीटशिवाय दुसरा दिसला तर बायकोला आणि मला मेसेज. आपोआप बदलत नाही, फक्त मेसेज, कारण एकदा पाहुणे १४ जण होते आणि खरंच गार करायचं होतं.

२८ सप्टेंबर

इथे दरवर्षी उन्हाळ्यासाठी करतात तशी घड्याळं एक तास पुढे गेली. सोमवारी सकाळी सहाला हॉल गारठलेला. कंपनीच्या ॲपमधलं शेड्यूल जुन्याच वेळेला चिकटलेलं, साडेपाचचं साडेसहाला चालू झालं, म्हणजे स्वस्त विजेचा फक्त अर्धा तास मिळाला. ॲपमधलं शेड्यूल पुसून टाकलं आणि तेच काम होम असिस्टंटला दिलं, त्याला घड्याळबदल कळतो. हे मे महिन्यातच करायला हवं होतं, दोन ठिकाणी शेड्यूल ठेवलं की कुठलं कोणी चालवलं हेच कळत नाही.

१२ ऑक्टोबर

हिशोब. अडॅप्टर १९०, टेक्निशियन १४५, थर्मामीटर १२, वायरलेस सेन्सर २५, बोर्ड आणि भाग १९. एकूण ३९१ डॉलर. वेळ मोजला नाही, मोजणार पण नाही.

बिल: जून ते ऑगस्ट गेल्या वर्षीपेक्षा ४४ डॉलर कमी. पण या वर्षी आई दिवसभर घरी होती आणि मागची खोली रोज तापवली, गेल्या वर्षी ती बंद होती, त्यामुळे तुलना सरळ नाही. नुसते पैसे वाचवायचे असते तर पट्ट्या खाली आणि फॅन मधल्यावर एवढंच केलं असतं तरी बरंचसं काम झालं असतं, आणि ते फुकट होतं. सकाळी उठल्यावर टीपॉयवर १९ असतं, हे मात्र ॲपशिवाय झालं नसतं, कारण मी टायमर लावायला विसरलोच असतो.

आई ऑगस्टअखेर परत गेली. रिमोटवरची चिठ्ठी काढली नाही. बाबा अजून अधूनमधून पहाटे हॉल तापवतात, आता वसंत आलाय तरी. उरलेलं काम: बाहेरच्या युनिटला एक सेन्सर लावायचाय, डीफ्रॉस्ट चालू झालं की कळावं म्हणून. आणि ५ एप्रिलला घड्याळं मागे जातील, त्याच्या आदल्या रात्रीचा रिमाइंडर आत्ताच टाकून ठेवलाय, होम असिस्टंटवर भरवसा असला तरी.